पोचलीस का

करिष्मा तिसऱ्या सेकंदाला कलंडली आणि नेमक्या त्याच वेळी धर्मराजच्या शर्टाच्या खिशात फोन थरथरला. क्षणभर त्याला वाटलं, छातीच्या आतच काहीतरी हललं. शाळेच्या हॉलमध्ये निळ्या फोमची जाड गादी अंथरली होती. तिच्यावर त्याची पोरगी एका पायावर उभी होती, हातात फोन, मान खाली. तपासणाऱ्या नेत्रा मॅडम शेजारी दोन्ही हात पसरून तयारच होत्या, म्हणून त्यांनी तिला काखेतून अलगद झेललं. लागलं काहीच नाही. करिष्मा हसलीसुद्धा. पण मागच्याच आठवड्यात ती शाळेच्या फाटकाबाहेर, जिथे साधा खड्डाही नाही अशा रस्त्यावर, चालता चालता पडली होती आणि हनुवटीला चार टाके पडले होते. त्यामुळे फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलींनी दहावीच्या वर्गासाठी हे शिबिर घेतलं तेव्हा तिच्या पालकांना खास बोलावणं आलं होतं. तिच्या आईला, भावनाला, जीन्सच्या कारखान्यातून सुट्टी मिळेना, म्हणून धर्मराज पाळी बदलून आला होता. आधीच्या दोन परीक्षांत करिष्मा बरी होती. डोळे उघडे ठेवून एका पायावर छान उभी राहिली. डोळे मिटून जरा डगमगली. मग नेत्रा मॅडमनी तिच्या हातात तिचाच फोन दिला आणि म्हणाल्या, "आता काहीतरी टाइप कर. रोज सगळ्यात जास्त जे टाइप करतेस ना, तेच." करिष्माने विचारसुद्धा केला नाही. अंगठा आपोआप चालला, मेसेज गेला आणि ती कलंडली. धर्मराजने सवयीने खिशातून फोन काढला, सवयीने बघितलं. 'पोचले पप्पा.'

"कुणाशी गं एवढं बोलत असतेस दिवसभर?" नेत्रा मॅडमनी चेष्टेने विचारलं. त्या वयाने करिष्मापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. "पप्पांशी," करिष्मा म्हणाली. रांगेतल्या मुली फिसकन हसल्या. धर्मराजही हसला, कारण नाही हसला असता तर बरं दिसलं नसतं. "काका, रागवू नका," नेत्रा मॅडम त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पण आपण कुठे उभे आहोत, जमीन कशी आहे, हे शरीराला सारखं कळत राहावं लागतं. डोळे सांगतात, कान सांगतात, पाय सांगतात. हिचं सगळं लक्ष हातात असतं. पायांना कुणी काही विचारतच नाही. आणि वाढीचं वय, हाडं लांबतायत, त्यात मान कायम खाली. दात घासताना एका पायावर उभी राहू दे रोज, आणि चालताना फोन दप्तरात. मेसेज आला तरी दप्तरात. एवढं केलं तरी खूप फरक पडेल." धर्मराजने मान हलवली. त्याला विचारायचं होतं, की मेसेज करणाऱ्याने काय करायचं. पण ते असं चारचौघांत विचारण्यासारखं नव्हतं.

आता हे सांगायलाच हवं की आठवडाभर घरात सगळा ठपका रीलवर होता. करिष्मा पडली ती रील बघताना पडली, असं भावनाने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं आणि धर्मराजने त्याला दुजोरा दिला होता. पोरगी 'मी रील नव्हते बघत' असं दोनदा म्हणाली आणि मग गप्प झाली. काय बघत होतीस, हे कुणी विचारलंच नाही. शाळेतून परत येताना, अंबरनाथच्या त्या नेहमीच्या रस्त्याने, धर्मराजने फोन उघडला आणि अंगठ्याने मागे मागे सरकवत गेला. निघालीस? पोचलीस का? कुठे? उत्तर दे. क्लासला पोचलीस का? रिक्षा मिळाली? पोचलीस का? त्याच्या बाजूला नुसते प्रश्न आणि तिच्या बाजूला नुसती 'हो', 'निघाले', 'पोचले'. ती पडली त्या दिवशीचा मेसेज त्याला सापडला. बारा एकोणचाळीस, 'कुठे आहेस?' आणि त्याच्या खाली तिच्याकडून अर्धवटच गेलेलं 'पो'. त्या दिवशी त्याने ते बघितलं होतं आणि वैतागून लगेच फोन लावला होता. ती तेव्हा रस्त्यावर बसून हनुवटीला रुमाल दाबत होती, आणि तशा हाताने तिने फोन उचलला होता. उचलावाच लागायचा. सातवीत असताना फोन दिला तेव्हाच अट घातली होती, की दोन मिनिटांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर तो फोन करणार. नाही उचलला तर वर्गशिक्षिकांना, मैत्रिणीच्या आईला आणि शेवटी रिक्षा स्टँडवर. स्टँडवरचे लोक त्याचा नंबर ओळखायचे. धर्मराज पाणी खात्यात चावीवाला, व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं त्याचं काम. "तुझ्या बापाला पाणी सोडायचं काम कुणी दिलं?" भावना लेकीला म्हणायची. "ह्यांना काही सोडवतं का?" आणि मायलेकी त्याच्यावर हसायच्या. त्यालाही ते हसणं आवडायचं. आपण काळजी करणारा बाप आहोत असं त्यात त्याला ऐकू यायचं. आज तो शेजारून चालणाऱ्या पोरीकडे बघत होता. तिच्या हातात फोन नव्हता, तरी तिची मान किंचित खालीच होती आणि चालताना तिचा डावा अंगठा हलत होता.

संध्याकाळी भावना भाकऱ्या करत असताना तो बाथरूमजवळच्या मोरीपाशी एका पायावर उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. पंचेचाळिशी उलटली होती, गुडघे कुरकुरायचे, पण तो हलला नाही. तीन सेकंद गेले, दहा गेले, मिनिट गेलं असावं. बाहेर करिष्मा मोठमोठ्याने आकडे मोजत होती आणि भावना म्हणत होती, "बघ, बघ, तुझा बाप बगळा आहे." त्याला यात काही नवल वाटलं नाही. डोळे मिटले की त्याला अंधार दिसतच नसे. लोखंडी पाइप दिसायचा. गेरूच्या रंगाचा, मिठी मारली तरी हात पुरणार नाहीत एवढा जाड, त्याच्या गावच्या, चामटोलीच्या ओहोळावरून या काठावरून त्या काठावर गेलेला. आणि त्यावर पुढे सहा पावलांवर सुदाम. खाकी हाफपँट, एका खांद्याला दप्तर, मानेवर आईने कापलेले वेडेवाकडे केस. तोंड कधीच दिसायचं नाही. पाठच. गेली पस्तीस वर्षं धर्मराज डोळे मिटून त्या पाठीमागे चालत होता आणि चालताना दातावर दात दाबून ठेवत होता.

गावात पाइप हा रस्ताच होता. ओहोळात उतरून पलीकडे चढायचं तर वीस मिनिटं जास्त लागत. बाया डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्यावरून जात, म्हातारे विडी पीत जात. फक्त एक रीत होती आणि ती चालायला शिकण्याच्या आधी प्रत्येक पोराला शिकवलेली असे. पाइपवर असलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. अगदीच गरज पडली तर दगडाने पाइपवर ठोकायचं. ते ठोकणं पुढच्याच्या तळपायाला कळतं, तो थांबतो, खाली बसतो, आणि मगच मागे वळून बघतो. धर्मराज तेव्हा दहा वर्षांचा. आई त्याला पाइपवर जाऊ द्यायची नाही, पण त्या दिवशी चौथीची परीक्षा होती आणि उशीर झाला होता. मोठा भाऊ सुदाम आठवीत. तो म्हणाला, "चल, माझ्या मागं मागं ये. खाली बघू नको." अर्ध्यावर गेल्यावर धर्मराजने खाली बघितलं. मार्च महिना, ओहोळ कोरडा, नुसते पांढरे धोंडे. तो पाइपला मांड्यांनी घट्ट धरून बसला. पाइपच्या आतून पाणी चाललेलं त्याला मांड्यांना कळत होतं, आणि सुदाम पुढे चालला होता, दोन पावलं, चार पावलं. आपल्याला इथेच ठेवून हा निघून जाणार, असं त्याला खरोखर वाटलं. हाताशी दगड नव्हता. खिशात परीक्षेची पेन्सिल होती, बोटाने ठोकता आलं असतं, काहीही करता आलं असतं. त्याने हाक मारली. "दादा." सुदाम वळला. एवढंच झालं. वळताना त्याचा एक पाय हवेत होता.

द्रौपदीने, त्याच्या आईने, त्याला एकदाच विचारलं. "कसा पडला रं त्यो?" आणि तो म्हणाला, "शेवाळावरून पाय घसरला." मार्चमध्ये शेवाळ कुठलं? पण आईला त्या वेळी महिना कुठला आणि वार कुठला. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी बारदानाचा तुकडा आणि राख घेऊन पाइपवर जायची आणि त्या जागी बसून पाइप घासायची. एवढासा सहा हातांचा भाग. दुसऱ्या कुणाचं पोर पडू नये, म्हणायची. पावसाळ्यात खरंच शेवाळ धरायचं, मग तर तिला दिवसातून दोनदा जावं लागायचं. गावातले लोक हात जोडायचे तिला. धर्मराज काठावर उभा राहून बघायचा. पाचवीत, सहावीत, सातवीत. आज सांगू, उद्या सांगू असं त्याच्या मनात यायचं आणि ती घासून झाल्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली की तोंड शिवल्यासारखं व्हायचं. चार वर्षांनी बाप अंबरनाथच्या कारखान्यात लागला आणि ते गाव सुटलं. गाडीत सामान चढवताना आईने बारदानाचा तो तुकडा शेजारणीच्या हातात दिला होता. आई वारली तेव्हा करिष्मा दोन वर्षांची होती. धर्मराजला पाणी खात्यात नोकरी लागली, जांभूळच्या पंपहाऊसवर, चावीवाला म्हणून, आणि लोक म्हणाले, पोराने नशीब काढलं. रोज पाइप, रोज व्हॉल्व्ह. त्याचे सोबती चावी फिरवायला जाताना कठड्याला धरून चालत. तो हात मोकळे सोडून चालायचा आणि सगळे त्याच्या तोलाचं कौतुक करायचे. कठड्याला धरायची त्याला गरज नव्हती. पुढे सहा पावलांवर सुदाम असायचाच.

सुदाम नावाचा काका आपल्याला होता, हे करिष्माला माहीत नव्हतं. भावनाला लग्नात कुणीतरी सांगितलं होतं, की नवऱ्याचा मोठा भाऊ लहानपणीच गेला. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याने मेसेज केला नाही. ठरवून, दातावर दात दाबून केला नाही. सकाळी सातला पंपहाऊसवर आला तेव्हाच त्याने फोन सोबत्याच्या कपाटात ठेवला आणि म्हणाला, तीन वाजेपर्यंत देऊ नको. सोबत्याने भुवया उंचावल्या. पहिले दोन तास बरे गेले. मग नकळतच हात खिशाकडे जायला लागला. अकराला त्याने पाण्याच्या दाबाच्या गेजचे आकडे वहीत चुकीच्या रकान्यात लिहिले. बारा तीसला शाळा सुटते. बारा पस्तीसला ती फाटकाबाहेर असते. तो व्हॉल्व्हच्या खोलीत गेला आणि चावीचं चाक दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, फिरवायचं काही नव्हतं तरी. आपण गप्प राहिलो तर ती नीट चालेल, हे त्याला पटत होतं. मॅडमनी तेच सांगितलं होतं. पण गप्प राहणं म्हणजे तिला सहा पावलांवरून पुढे जाऊ देणं, सात, आठ, दहा, आणि मग दिसेनाशी होऊ देणं. मशीनच्या आवाजात त्याला दोनदा हाक ऐकू आल्यासारखं झालं आणि दोन्ही वेळा ती त्याच्याच लहानपणीच्या आवाजात होती. त्याने स्वतःला समजावलं की ही तपासणीच आहे, आपलीही, आज जमलं तर उद्या जमेल. एक वाजला. दीड वाजला. ती आता जेवत असेल, असं त्याने ठरवलं आणि मग डबा उघडून तोही जेवला. चक्क जेवण गेलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा आपण तोंड बंद ठेवून कुणालातरी पार पोचवलं, असं काहीसं त्याच्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानातच आली नव्हती. आपण आज मेसेज करणार नाही, हे त्याने करिष्माला सांगितलंच नव्हतं. त्याच्या घरात असल्या गोष्टी सांगायची रीतच नव्हती. गप्प व्हायचं, की झालं.

सव्वादोनला पंपहाऊसच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि करिष्मा उतरली. शाळेचाच गणवेश, दप्तर पाठीवर, चेहरा लाल. सोबत्याने तिला ओळखलं आणि आत हाक दिली. धर्मराज बाहेर आला तेव्हा ती मधल्या अंगणात उभी होती. त्याला बघितलं आणि तिथेच मटकन खाली बसली.

"फोन का नाही उचलत तू?" ती म्हणाली. आवाज फुटला होता. "सतरा वेळा केला मी. मम्मीचा पण लागत नाही, शेठ फोन काढून घेतो तिचा. मी शाळेजवळच उभी होते. मला निघताच येईना, पप्पा. पाय उचलायचेच नाहीत. मेसेज नाही आला तुझा. एकपण नाही. मला वाटलं, कुछ तो हुआ होगा. पडलास वगैरे."

"अगं, मॅडम बोलल्या ना, चालताना फोन नको. म्हणून मी मुद्दाम..."

"मग सांगायचं ना!" ती ओरडली आणि लगेच खाली बघून हळू बोलली. "मला काय माहीत मुद्दाम ते. तू रोज विचारतोस पोचलीस का, पोचलीस का. म्हणजे न पोचण्यासारखं काहीतरी असतंच ना. सगळ्यांच्या घरी नसतं, आपल्या घरी असतं. मला लहानपणापासून वाटतं तसं. काय असतं ते माहीत नाही. तू विचारलंस की मी ठीक आहे असं समजतं मला. आज तू विचारलंच नाहीस."

धर्मराज तिच्यासमोर उकिडवा बसला. पंप चालू होते आणि जमीन बारीक थरथरत होती. त्याने तिच्या हनुवटीवरच्या टाक्यांच्या पट्टीकडे बघितलं, आणि त्याला एकदम दिसलं, की ही भीती तिची नाहीच. ती त्याची आहे. फोनमधून रोज थोडी थोडी त्याने ती हिच्यात भरली होती. तिला चालायला शिकवलं त्यानेच आणि पायांतलं बळ काढून घेतलं तेही त्यानेच. भाऊ गेला त्याची गोष्ट त्याने हिला सांगितली नव्हती, नुसता भाऊच हिच्या खांद्यावर बसवला होता. आता गप्प बसलो तर ही जन्मभर अशीच रस्त्यात थांबून राहील, हे त्याला इतकं स्पष्ट कळलं की तो घाबरला. घाबरला आणि बोलला.

"तुझा एक काका होता," तो म्हणाला. "सुदाम. माझा मोठा भाऊ."

मग त्याने सांगितलं. फार नीट नाही सांगितलं. पाइप, परीक्षा, पांढरे धोंडे, सगळं मागेपुढे झालं. आईचं घासणं आधी सांगितलं आणि ती का घासायची ते नंतर. सोबती एकदा बाहेर डोकावला आणि आत गेला. करिष्माने गुडघे छातीशी घेतले होते आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. वर बघत होती. तिची मान ताठ होती. शेवटी त्याने ते वाक्य म्हटलं, जे द्रौपदीला म्हणायचं राहून गेलं होतं. "शेवाळ नव्हतं. मी हाक मारली."

तो वाट बघत राहिला. पस्तीस वर्षांत त्याने या क्षणाची खूप चित्रं रंगवली होती. कुणीतरी रडेल, कुणीतरी थोबाडीत मारेल, कुणीतरी म्हणेल की लहान होतास रे तू. यातलं काहीही त्याला सोसलं नसतं. करिष्माने नाक पुसलं आणि लहान मुलं गोष्ट ऐकताना विचारतात तसं सरळ विचारलं, "मग तो काय बोलला?"

"कोण?"

"सुदामकाका. तू दादा म्हणालास. तो वळला. काही बोलला असेल ना?"

धर्मराज 'नाही' म्हणणार होता. त्याने डोळे मिटले. पाइप होता, पांढरे धोंडे होते, सहा पावलांवर ती पाठ होती. हाक गेली. पाठ वळायला लागली. इथेच नेहमी ते थांबायचं. इथून पुढे बघायची त्याची कधी छाती झाली नव्हती. आता पोरगी समोर बसून उत्तराची वाट बघत होती, म्हणून तो बघत राहिला. खांदा वळला, कान दिसला, घामाने चिकटलेले केस दिसले, आणि मग चेहरा दिसला. चौदा वर्षांचा, सावळा, जरासा वैतागलेला. दचकलेला मुळीच नाही. त्याने नुसतं मागे वळून बघितलं नव्हतं. त्याचा तो हवेतला पाय धर्मराजच्या दिशेने उचललेला होता.

"आलो," धर्मराज म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "आलो म्हणाला. बस तिथंच, आलो."